भोवऱ्यातला मूळ ट्रान्झिस्टर

“आणि यातला एखादा ट्रान्झिस्टर बदलला तर?” रणभिसे सरांनी विचारलं.

“तर ते हे पेडल राहणारच नाही,” ऋजुता म्हणाली.

सर चष्मा कपाळावर सरकवून टेबलावरच्या उघड्या डबीकडे बघत बसले...

ऋजुता वाळिंबे सकाळच्या एसटीने पुण्याहून नगरला आली होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, गिटार वाजवणारी, आणि गिटारची पेडलं स्वतःच्या हाताने बनवणारी. सगळा प्रवास तिने बॅग मांडीवर धरून केला होता, कारण बॅगेत तिचं आजवरचं सगळ्यांत जीव ओतून केलेलं काम होतं.

ते होतं जुन्या पद्धतीचं, स्वर फिरवणारं पेडल. गिटार आणि स्पीकर यांच्या मधे जोडायचं. आत एक इवलासा दिवा असतो. तो मंद होतो, उजळतो, पुन्हा मंद होतो. त्याच्या भोवती प्रकाश ओळखणारे सेल बसवलेले असतात. दिव्याच्या त्या उघडझापीबरोबर गिटारचा स्वर गिरकी घ्यायला लागतो.

तसा स्वर नगर जिल्ह्यात एके काळी एकाच माणसाकडे होता, आयझॅक रणभिसे यांच्याकडे. ते दिवसा तंत्रनिकेतनात शिकवायचे आणि लग्नसराईत, जत्रांत मॉर्निंग स्टार ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांनी घरी बनवलेल्या पेडलला लोक भोवरा म्हणत. भोवरा लावला की मांडवातली पोरं खुर्च्यांवर उभी राहत.

ऋजुताने तो स्वर एका जुन्या कॅसेटवर ऐकला आणि सरांना शोधत नगर गाठलं. तेव्हापासून ती त्यांच्याकडे येई, शिके, वाद घाले, रुसून परत जाई आणि पुन्हा येई.

आज मात्र ती शिकायला आली नव्हती.

संध्याकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मॉर्निंग स्टारची जुनी मंडळी कित्येक वर्षांनी एकत्र वाजवणार होती. सरांची बोटं आता आखडली होती, तार दाबली जात नव्हती. त्यांनी आपली जागा ऋजुताला दिली होती. सोबत भोवराही देऊ केला होता. तो तिने घेतला नाही. मी माझं पेडल आणते, म्हणाली होती.

आणि आणलं होतं. त्यातला प्रत्येक ट्रान्झिस्टर जपानी, सर्किटच्या नकाशात छापलेल्या नेमक्या त्याच नंबरचा आणि त्याच काळात बनलेला होता. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या दुकानांच्या मालातून, परदेशातल्या एका म्हाताऱ्या छांदिष्टाशी महिनोन्‌महिने बोलून तिने ते एकेक करून जमवले होते. यात पर्यायी म्हणून काही नाही, हे तिने आल्या आल्या सरांना सांगितलं, आणि सरांच्या पत्नी एस्तेरकाकूंनाही सांगितलं.

सगळं अचूक होतं. फक्त स्वर फिरत नव्हता. थरथरत होता, तेवढंच.

“थंडी वाजतेय त्याला,” एस्तेरकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

ऋजुताला ते लागलं, कारण अगदी तसंच ऐकू येत होतं.

तिने सरांकडे भोवरा मागितला. वाजवायला नको, उघडून बघायला हवा, म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने तो आतून कधी पाहिला नव्हता. सरांनी कपाटावरून तो काढला, फडक्याने पुसला आणि स्क्रूड्रायव्हर तिच्यासमोर ठेवला.

आत काय दिसणार, हे तिला माहीत होतं. तेच जपानी ट्रान्झिस्टर, ओळीने बसलेले, मूळचे.

झाकण निघालं.

आत जत्रा भरली होती. एका जागी पत्र्याच्या टोपीचा जाडजूड ट्रान्झिस्टर, शेजारी काळा प्लॅस्टिकचा, त्याच्या पलीकडे करड्या रंगाचा कुठल्याशा वेगळ्याच घराण्यातला. एकाचे पाय सॉकेटच्या भोकांशी जुळत नव्हते म्हणून ते एकमेकांवरून वळवून, वर रबरी नळ्या चढवून बसवले होते. पायात पाय अडकवून उभ्या असलेल्या माणसासारखा तो दिसत होता.

ऋजुताने झाकण हळूच बाजूला ठेवलं.

“सर... यातला मूळ कोणता?”

सरांनी वाकून पाहिलं. बोटाने एकेकाला शिवल्यासारखं केलं. पत्र्याच्या टोपीचा श्रीरामपूरच्या जत्रेत पहिला जळाला तेव्हा एका रेडिओतून काढलेला. करडा राहात्याच्या दुकानातला, दुकानदाराकडे तेवढाच होता. पाय वळवलेला संगमनेरच्या लग्नातला. तिथे वरात दारात आलेली आणि भोवरा मुका झालेला, तेव्हा नवऱ्या मुलाच्या मामाने आपला टेपरेकॉर्डर पुढे केला होता. मामा पुढे वर्षभर सगळ्यांना सांगत फिरायचे, म्हणे, माझा टेप रणभिशांच्या गिटारीत आहे.

सर मामांच्या आठवणीने हसले. मग पुन्हा भोवऱ्यात पाहिलं.

“मूळ... एकही नाही राहिला.”

ऋजुताने लगेच गिटार भोवऱ्याला जोडली आणि एक सूर छेडला. खोली फिरली. भिंतीवरचं कॅलेंडर, खिडकीचे गज, हातातली गिटार, सगळं जणू त्या सुरासोबत एक वळसा घेऊन परत जागेवर आलं. कॅसेटवर ऐकलेला तो हाच स्वर होता, आणि कॅसेटपेक्षा कितीतरी मोठा.

तिच्या अंगावर काटा आला. आणि मग, काटा ओसरायच्या आत, तिला वाटलं की आपल्याला कळलं.

मिश्रण. सगळं गुपित या मिश्रणात आहे. सरांना ते सापडलं, आणि ते सापडलंय हे त्यांनाच ठाऊक नाही.

तिने मीटर काढलं. भोवऱ्यातला एकेक ट्रान्झिस्टर उपसून त्याचा गेन मोजला, म्हणजे आलेला सिग्नल तो किती पटीने वाढवू शकतो ते, आणि परत जागेवर बसवला. आकडे मोठ्याने म्हणत होती. सर ऐकत होते. काकूंनी चहा आणला, तो निवून गेला.

आकड्यांना काही क्रम लागेना. एक हा एवढा, शेजारचा त्याच्या निम्माही नाही. लक्षात आलं ते इतकंच, की गिटारचा सूर जिथून आत शिरतो त्या पहिल्या जागेवरचा ट्रान्झिस्टर तिच्या जपान्यांपेक्षा बराच जोरकस होता. तेवढा धागा तिला पुरला. सरांकडे एका पत्र्याच्या डब्यात नाना ठिकाणांहून उपसलेले ट्रान्झिस्टर होते. त्यांतले सगळ्यांत जास्त गेनचे तिने वेचले आणि आपल्या पेडलात सुराच्या वाटेवर एका ओळीत बसवून टाकले. पायांचा क्रम वेगळा होता तिथे पाय वळवले. मूळ जपानी काढताना तिला वाईट वाटलं. तिने ते रुमालात गुंडाळून ठेवले.

दिव्याकडच्या बाजूला मात्र तिने हात लावला नाही. तिथे तिचा सगळ्यांत आवडता ट्रान्झिस्टर होता, दिवा चालवणारा. छांदिष्टाने शेवटी मोठ्या मनाने दिलेला. आणि तिथून सूर जातच नव्हता. तो भाग फक्त दिवा उघडझाप करतो. त्याचा आवाजाशी काय संबंध, असं ती सरांना म्हणाली.

सर “हं” म्हणाले.

तिने पेडल सुरू केलं. आधी पावसासारखी सरसर ऐकू आली. मग त्या सरसरीतून कुठल्यातरी आकाशवाणी केंद्राचा निवेदक हलक्या आवाजात बोलू लागला. कांद्याची आवक सांगत होता.

काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ऋजुताही हसली असती, पण घड्याळाकडे लक्ष गेलं. दुपार कलली होती. हॉलमध्ये मंडळी जमायला लागली असतील. सरांच्या जागेवर बसून ती कांद्याचे भाव ऐकवणार होती.

“सर, सांगा ना आता,” ती म्हणाली. सकाळचा आवाज तिच्यात उरला नव्हता.

सरांनी तिच्या पेडलातल्या पहिल्या जागेवरच्या ट्रान्झिस्टरवर बोट ठेवलं.

“हा काय करतो?”

सिग्नल वाढवतो, असं ती म्हणणार होती. पण सर बोट तसंच ठेवून थांबले होते, म्हणून तीही थांबली... गिटारचा सूर इथे येतो तेव्हा तो अगदी नाजूक असतो. इथे जे काही मिसळेल ते पुढे सगळीकडे मोठं होत जाणार. कुजबुज ऐकायला बसवलेला माणूसच बडबडा असेल तर... आणि कान इतका तिखट असेल की त्याला रेडिओही ऐकू येईल...

तिने तो काढला. डब्यातून मध्यम गेनचे एकेक घालून, गिटारीला हात न लावता, नुसती शांतता ऐकत गेली. एक सरसरला, एक गुणगुणला. पुढचा घातला आणि खोलीत काकूंच्या भांड्यांचा आवाज ऐकू यायला लागला, इतकं पेडल गप्प झालं.

सरांचं बोट मधल्या ओळीवर गेलं. ऋजुता आता विचारायची वाट बघत नव्हती. इथे प्रत्येक जण सुराच्या दोन प्रती करतो, एक सुलटी, एक उलटी, बस्स. त्याच्या वर आणि खाली सारखेच रेझिस्टर आहेत. किती वाढवायचं ते रेझिस्टर ठरवतात, ट्रान्झिस्टर नाही. मग इथे आकडा हजार असला काय आणि त्याच्या निम्मा असला काय. इथे कुणीही शहाण्यासारखा उभा राहणारा चालेल. ती बोलत होती आणि बोलता बोलता उठून उभी राहिली होती. म्हणजे हे सगळे जपानी, ज्यांच्यासाठी ती महिनोन्‌महिने फिरली, त्यांच्या जागी राहात्याच्या दुकानातला एकटा उरलेला करडाही चालतो, नव्हे, चाललाच आहे, इतकी वर्षं...

तिने वाजवून पाहिलं. स्वच्छ आणि गोड. आणि अजूनही थरथरणारं.

ती मटकन खाली बसली. आता बदलायला काही उरलं नव्हतं. डोळे मिटून ती पुन्हा पुन्हा तोच सूर छेडत राहिली, कान लावून, कुठे अडतंय ते शोधत.

सरांनी पुढे होऊन तिच्या कानांवर आपले दोन्ही तळवे ठेवले.

तिने दचकून डोळे उघडले.

“बघ,” सर म्हणाले. तिला ते ओठांवरून कळलं.

समोर दोन्ही पेडलं झाकण काढून शेजारी शेजारी ठेवलेली होती, दोन्ही चालू. भोवऱ्यातला दिवा फुलत होता, लालसर पिवळा, मग उतरत होता, उतरत जाऊन विझत होता. अगदी काळा होत होता. क्षणभर तिथे काहीच नसायचं. मग पुन्हा त्या काळोखातून तो वर यायचा.

तिच्या पेडलातला दिवा फुलत होता आणि जरासा मंद होत होता. पुन्हा फुलत होता, पुन्हा जरासा मंद.

ती बघत राहिली. कान झाकलेले, त्यामुळे स्वतःच्या छातीतली धडधड तेवढी ऐकू येत होती.

“हा विझतच नाहीये,” ती पुटपुटली.

सरांनी हात काढले.

मग तिला घाई सुटली. दिवा चालवणारा तो आवडता ट्रान्झिस्टर तिने उपसला आणि मीटरला लावला. तो गळका होता. इतकी वर्षं पडून पडून म्हातारा झाला होता. बंद असायला हवा तेव्हाही त्यातून करंट झिरपत होता आणि दिव्याला पुरता विझू देत नव्हता. काळोखच नाही, तर स्वर जाणार कुठे आणि परत येणार कुठून. ज्या वाटेने सूर कधी जातच नाही, त्या वाटेवर सूर अडला होता. आणि अडवणारा तिचा सगळ्यांत अस्सल तुकडा होता.

रडावं की ओरडावं, हे तिला समजेना. तिने पत्र्याचा डबाच टेबलावर पालथा केला.

इथे काय हवं? दिव्याचा भार पेलेल असा, तापून न जाणारा, आणि थांब म्हटलं की पुरता थांबणारा. नाजूकपणा नको, तिखट कान नको. बोटांनी ढीग पसरत ती एका धिप्पाडापाशी आली. कुठल्याशा टेपरेकॉर्डरच्या स्पीकरकडच्या बाजूचा असावा. अंगावरचा नंबर पुसून गेलेला. मीटरने चाचपून तिने पाहिलं, गळत नव्हता. कोणता पाय कोणता, तेही चाचपून ठरवलं, बसवला, आणि बटण दाबलं.

दिवा लागलाच नाही.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. हॉलमधून बोलावणं आलंय, ड्रम लावून झाले, असं त्या हळूच म्हणाल्या. सर खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसले होते. त्यांची आखडलेली बोटं एकमेकांत गुंतली होती.

ऋजुताने ट्रान्झिस्टर काढला, उलटा करून पाहिला. घाईत दोन पायांची अदलाबदल झाली होती. पक्कड मागितली. काकूंनी ती आधीच हातात धरली होती. तिने पाय एकावरून एक वळवले, नळी चढवली, दाबून बसवला.

दिवा उजळला. उतरू लागला. उतरत उतरत... गेला.

खोलीत तिघंही त्या काळोखाच्या ठिपक्याकडे बघत होते.

आणि तो वर आला.

ऋजुताने गिटार ओढली आणि सूर छेडला, आणि खोली फिरली. तिने दुसरा छेडला, तिसरा छेडला, ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं, आणि काकू म्हणत होत्या की बाई, आता चल, तिथे वाजव.

हॉल भरला होता. मॉर्निंग स्टारची मंडळी पांढऱ्या केसांनी, इस्त्रीच्या शर्टांत मंचावर बसली होती. ड्रमवर विल्यम शेलार होते. सरांच्या जागेवर ही पुण्याची पोरगी बसलेली पाहून त्यांनी मान हलवली, स्वागत म्हणावं इतपत. सर पहिल्या रांगेत काकूंशेजारी बसले.

पहिली गाणी तिने साधी वाजवली. मग ते गाणं आलं ज्यात मधे सगळे थांबतात आणि गिटार एकटी पुढे जाते. ऋजुताने पायाने पेडल दाबलं.

पहिला सूर गिरकी घेऊन छताकडे गेला, तसे शेलार ड्रमच्या काठ्या हातात धरून वळले आणि तिच्याकडे बघतच राहिले. पुढचा ठेका त्यांच्याकडून जवळजवळ राहिलाच होता. मागच्या रांगांत कुणीतरी खुर्चीवर उभं राहिलं. पोर नव्हतं, चांगले साठीचे गृहस्थ होते. बायको त्यांचा शर्ट धरून खाली ओढत होती, आणि ते काही खाली यायला तयार नव्हते.

ऋजुताला पुढचं नीट आठवत नाही. बोटं पळत होती. दर गिरकीला सूर कुठेतरी नाहीसा होत होता, आणि तो परत येणार हे माहीत असूनही दर वेळी तिचा श्वास अडत होता. तिने सरांसारखं वाजवलं का, हे तिला सांगता येत नाही. एवढंच कळलं की गाणं संपलं तेव्हा हॉलला ते संपायला नको होतं, आणि शेलारांनी न विचारता ठेका पुन्हा सुरू केला.

कार्यक्रमानंतर लोकांनी तिला गराडा घातला. शेलारांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पेडलकडे बोट दाखवून विचारलं की हा सरांचा भोवरा ना. तिने नाही म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी सरांकडे पाहिलं. सर दुसरीकडे बघत होते.

गर्दीत राहुरीहून आलेला एक गिटारवाला होता. पेडल बनवायचा त्यालाही नाद होता. झाकण उघडून बघू का, म्हणून त्याने परवानगी घेतली. वाकून तो बराच वेळ न्याहाळत राहिला. मग नेमका दिव्याशेजारच्या त्या धिप्पाडावर त्याने बोट ठेवलं. दिवा इतका खोल उतरतो तो याच्यामुळेच असणार, म्हणाला. मला हाच शोधायचा आहे. ओरिजिनल नंबर काय आहे याचा?

ऋजुताने ट्रान्झिस्टरच्या पुसलेल्या अंगाकडे पाहिलं. नकाशातला नंबर तिला तोंडपाठ होता. तो तिच्या ओठांवर आलाही... पण तिने तो उच्चारला नाही. तिने मागे वळून पाहिलं. सर काकूंचा हात धरून मंचाची पायरी चढत होते.

“सर,” ती म्हणाली, “हे विचारतायत, हा ट्रान्झिस्टर कोणता?”

सर जवळ आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. पेडल चालूच होतं. दिवा फुलला, उतरला, नाहीसा झाला, आणि तो परत वर येईपर्यंत सर थांबले.

“सध्याचा.”